५ एचपी सबमर्सिबल मोटार : दोन वेळा बंद पडली, पण दोष एकदाच कंपनीचा होता

सिन्नर तालुक्यातील आमच्या ३०० फुटी बोअरवर गेल्या नोव्हेंबरात थ्री-फेज (तीन तारांतून वीज घेणारा) सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंपसंच बसवला. पहिल्या पाच-सहा महिन्यांत दोन मोटारी वर काढाव्या लागल्या. तरीही कंपनीला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही, कारण पहिली मोटार जळण्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता आणि दुसरी मात्र कारखान्यातूनच सदोष आली होती.

पहिली मोटार चौथ्या महिन्यात, रात्रीच्या लाइटीवर जळाली. वाइंडिंगवाल्याने ती उघडली तेव्हा दोन फेजची वेटोळी काळीठिक्कर पडली होती आणि तिसऱ्या फेजची नव्यासारखी होती. स्टार जोडणीच्या (तिन्ही वेटोळ्यांची एकेक टोके एकत्र जोडलेल्या) मोटारीत असे दिसले, तर चालू मोटारीची एक फेज गेली आणि उरलेल्या दोन फेजवर सारा भार आला, असा त्याचा अर्थ होतो. त्या रात्री डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडाला होता आणि आमच्या स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करणारे उपकरण, नव्हते. वॉरंटी नाकारली गेली, ते योग्यच झाले.

त्याच कंपनीची दुसरी मोटार प्रिव्हेंटर लावून बोअरमध्ये सोडली, तर तिसऱ्या आठवड्यापासून जादा करंट आला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले वरचेवर ट्रिप होऊ लागला. दुकानदाराचे उत्तर एकच होते : ‘दादा, तुमची लाईनच खराब आहे, त्याला मोटार काय करणार?’ मागचा अनुभव पाहता ते खरेही वाटले असते, परंतु या वेळी तिन्ही फेजमधला व्होल्टेज ३९५ ते ४०० च्या दरम्यान, म्हणजे जवळपास सारखा होता. तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावल्यावर लाल तारेवर ८.१, पिवळ्या तारेवर ८.३ आणि निळ्या तारेवर ९.७ अँपिअर करंट दिसला.

यानंतर आमच्या वायरमनने जी चाचणी केली, ती प्रत्येक शेतकऱ्याने माहीत करून घ्यावी असे मला मनापासून वाटते. मेन स्विच बंद करून त्याने स्टार्टरमधल्या मोटारीच्या तिन्ही तारा त्याच क्रमाने एकेक घर पुढे सरकवल्या; अशाने मोटारीची फिरण्याची दिशा बदलत नाही. दोष लाइनीत असता, तर जास्तीचा करंट पूर्वीच्याच फेजवर राहिला असता. तो निळ्या तारेबरोबर पुढच्या फेजवर गेला, म्हणजे दोष स्टार्टरच्या खाली होता. केबलचा जोड सैल असता तर रोध (रेझिस्टन्स) वाढला असता, म्हणून पुरवठा तोडून रोधही मोजला; तारांच्या ज्या दोन जोड्यांत निळी तार होती, त्यांचा रोध उलट कमीच भरला, म्हणजे दोष मोटारीच्या आतच होता.

हे सारे आकडे तारीख-वेळेसह कागदावर लिहून सर्व्हिस सेंटरला दिले, तेव्हा कुठे बोलण्याचा सूर बदलला. मोटार उघडल्यावर त्या फेजच्या वेटोळ्याला तारेचे वेढे कमी पडल्याचे त्यांनी मान्य केले आणि नवी मोटार विनामूल्य दिली. मात्र त्यात ११ दिवस गेले, आणि ऐन पोसणीतल्या उन्हाळ कांद्याचे पाणी तुटले, त्याची भरपाई कोणी देत नाही.

पंपाबद्दल माझी तक्रार नाही. दोन इंची पाइप आजही भरून वाहतो. मोटारीच्या कारखान्यातील तपासणीला आणि दुकानदाराच्या पहिल्या उत्तराला मात्र मी कमी गुण देतो. हा संच घेणाऱ्याने प्रिव्हेंटर त्याच दिवशी बसवावा आणि मोटार सोडल्यावर तिन्ही तारांचा करंट मोजून बिलाच्या मागे लिहून ठेवावा. आमच्या तिसऱ्या मोटारीच्या बिलावर ८.४, ८.५ आणि ८.५ असे आकडे आहेत, आणि परवा मोजले तेव्हाही तेच भरले.