ट्रायऑक्झलेट की अ‍ॅकॅक? प्रकल्पासाठी क्रोमियमचं कॉम्प्लेक्स निवडताना

क्रोमियम(३)चं, म्हणजे +३ भाराच्या क्रोमियमचं, एकच कॉम्प्लेक्स (मधल्या धातूभोवती इतर रेणू किंवा आयन बांधलेलं संयुग) बनवून त्यावर प्रकल्प उभा करायचा असेल, तर निवड बहुतेकदा दोघांत येऊन अडते: पोटॅशियम ट्रायऑक्झलेटोक्रोमेट (पुढे नुसतं ‘ऑक्झलेट’) आणि क्रोमियम अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत नुसतं ‘अ‍ॅकॅक’. गाभा दोघांचा सारखाच. मधे क्रोमियम, अष्टफलकाच्या सहा शिरोबिंदूंवर ऑक्सिजन आणि ते पुरवणारे तीन द्विदंती लिगंड, म्हणजे धातूला दोन-दोन ठिकाणी धरणारे रेणू किंवा आयन. विजोड इलेक्ट्रॉनही दोन्हींत तीनच. त्यामुळे चुंबकीय आघूर्ण ३.८७ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास येतं आणि गुई तराजूवर (चुंबकीय गुण मोजणाऱ्या तराजूवर) दोघं जुळी भावंडं वाटतात. वेगळा आहे तो विद्युतभार: ऑक्झलेटच्या कॉम्प्लेक्स आयनावर उणे तीन, अ‍ॅकॅकच्या रेणूवर शून्य. पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं.

ऑक्झलेट पाण्यात सहज विरघळतं आणि अल्कोहोल घातलं की खाली बसतं. अ‍ॅकॅकचं उलट. पाण्याशी त्याचं जमत नाही. टोल्युइन, क्लोरोफॉर्ममध्ये मात्र खुशाल विरघळतं. ते २१० अंश सेल्सियसच्या पुढे वितळतं आणि कमी दाबाखाली त्याचं संप्लवनही होतं, म्हणजे न वितळता थेट वाफ होते. ऑक्झलेट तापवलं तर आधी स्फटिकजल सुटतं आणि मग सरळ विघटन होतं.

बनवण्यात ऑक्झलेट झटपट. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात डायक्रोमेटची पूड चिमटीचिमटीने घाला. प्रत्येक चिमटीला कार्बन डायऑक्साइड जोरात फसफसतो, नारिंगी रंग जातो आणि द्रावण काळपट हिरवं होतं. समीकरण मांडलं तर डायक्रोमेटच्या एका मोलमागे साध्या ऑक्झलेट आयनाचे नऊ मोल लागतात: तीन डायक्रोमेटच्या क्षपणात (त्याला इलेक्ट्रॉन देण्यात) जळतात, सहा लिगंड म्हणून उरतात. घाई करून पूड एकदम ओतलीत तर सगळं ऊतू येईल. खरी अडचण डायक्रोमेटचीच आहे, कारण सहा संयुजेचा क्रोमियम कर्करोगकारक. हातमोजे आणि धूरकक्ष हवेतच.

अ‍ॅकॅकमध्ये सुरुवातच क्रोमियम(३) क्लोराइडपासून होते, म्हणून ती धास्ती नाही. पण वेळ लागतो. क्रोमियम(३)भोवतीचे पाण्याचे रेणू जागा सोडायला नाखूश असतात, त्यामुळे युरिया घालून मिश्रण बराच वेळ तापत ठेवावं लागतं. युरियातून अमोनिया सावकाश सुटतो, लिगंडचा प्रोटॉन काढतो आणि हिरव्या द्रावणात गडद किरमिजी-जांभळे स्फटिक दिसू लागतात.

वर्णपटावर भर असेल, तर मी डोळे झाकून ऑक्झलेट घेईन. सुमारे ५७० आणि ४२० नॅनोमीटरला डी-डी संक्रमणांचे (क्रोमियमच्या डी कक्षकांमधल्या इलेक्ट्रॉनच्या उड्यांचे) दोन पट्टे सुटे दिसतात. पहिल्यावरून क्षेत्रविभाजन (लिगंडमुळे डी कक्षकांत पडणारं ऊर्जेचं अंतर) साडेसतरा हजार प्रतिसेंटिमीटरच्या आसपास निघतं, दुसरा धरून राका स्थिरांकही (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाचं माप) काढता येतो. अ‍ॅकॅकचा पहिला पट्टा ५६० नॅनोमीटरजवळ नीट मिळतो. दुसरा लिगंडच्या तीव्र शोषणाखाली दबून जातो. फेरिऑक्झलेटसारखं (लोहाच्या तशाच कॉम्प्लेक्ससारखं) क्रोमियमचं ऑक्झलेटही उजेडात क्षपण होऊन बिघडेल, अशी भीती काहींना असते. तसं होत नाही.

डाव्या-उजव्या प्रतिबिंब रूपांचा अभ्यास करायचा असेल तर थोडा पेच आहे. ऑक्झलेटवर भार असल्याने स्ट्रिक्निनसारख्या धनभारित चिरल (आरशातल्या प्रतिबिंबाशी न जुळणाऱ्या) साथीदाराबरोबर क्षार बनवून दोन्ही रूपं वेगळी करता येतात. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नरने १९१२ मध्ये ती केलीही. पण पाण्यात काही तासांतच त्यांचं पुन्हा मिश्रण होतं, तेव्हा ध्रुवणमापी (ध्रुवित प्रकाशाचं वळण मोजणारं यंत्र) आधीच तयार ठेवा. अ‍ॅकॅकची वेगळी केलेली रूपं कितीतरी जास्त टिकतात. मात्र भार नसल्याने क्षाराची युक्ती चालत नाही, चिरल पदार्थ भरलेला क्रोमॅटोग्राफीचा स्तंभच लागतो. तो नसेल तर हा विषय अ‍ॅकॅकवर घेऊच नका.

एनएमआर (अणुकेंद्रकांचा चुंबकीय वर्णपट घेणारं) यंत्र हाताशी असेल तर मात्र पारडं अ‍ॅकॅककडे झुकतं. त्याचा स्वतःचा प्रोटॉन वर्णपट रुंदावून निरुपयोगी होतो, पण दुसऱ्या एखाद्या सेंद्रिय संयुगाच्या नमुन्यात किंचित टाकलं की कार्बन-१३ अणुकेंद्रकं लवकर शिथिल होतात, म्हणजे मूळ स्थितीत लवकर परततात, आणि एरवी दबलेले कार्बोनिलचे संकेत डोकं वर काढतात. एकाच नमुन्याचे अ‍ॅकॅकसह आणि अ‍ॅकॅकविना असे दोन वर्णपट घेतलेत, तरी प्रकल्पाला एक चांगलं प्रकरण मिळतं.