मतदानाची फुकट गाडी: वाशी ते जावळी, येऊन-जाऊन

हॉटेलांबद्दल, साड्यांच्या दुकानांबद्दल सगळे लिहितात. मला एका गाडीबद्दल लिहायचंय, जिला तिकीट नव्हतं. २० नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा मतदानाला आम्ही नवरा-बायको कोपरखैरण्याहून सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या पुढं आमच्या गावी गेलो, ते एका उमेदवाराच्या माणसांनी लावलेल्या ट्रॅव्हल्सनं. उमेदवार कोण आणि पक्ष कुठला ते सांगणार नाही. अशा गाड्या एकाच बाजूच्या लागतात असं नाही, आणि नाव घेतलं की गाडीचा विषय बाजूला राहतो.

जावळी-पाटणच्या माणसाला या गाड्यांचं नवल नाही. आमच्याकडचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत ओझी उचलायला गेले. ज्यांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला ते अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. माझे सासरे माथाडी होते, नवराही आहे, मी दाणा बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहिते. माणसं वाशीत आणि नावं गावच्या यादीत, अशी आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत. मतदान जवळ आलं की सोसायटीच्या गेटपाशी एक पोरगा यादी घेऊन उभा राहतो, "ताई, किती सीट धरू?"

गाडी चांगली होती, हे आधी सांगते. दहाला निघणार म्हणाले होते, निघाली साडेअकराला. पण सीट नीट मागं जात होत्या, प्रत्येकाला पाण्याची बाटली, पनवेलच्या पुढं वडापाव. ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत माणूस. बायकांसाठी थांबायचं तर उजेड आणि वर्दळ असलेल्या ठिकाणीच थांबला, खंबाटकीचा घाट असा चढवला की माझ्या शेजारची म्हातारी जागी झाली नाही. पाचवडला हायवे सोडून आमच्या जावळीतल्या कुडाळवरून पहाटे पाचच्या सुमारास मेढ्यात उतरवलं. थंडी कडक होती. ड्रायव्हरला माझ्याकडून पाचपैकी पाच.

आता वहीबद्दल. गाडीत चढतानाच पोरानं लांबट हिशेबाची वही उघडली. यादीभाग, अनुक्रमांक, नाव, मोबाइल, आणि पुढं तीन रकाने: 'चढले', 'मतदान', 'परत'. आमच्या दोघांच्या नावापुढं 'चढले'मध्ये बरोबरची खूण झाली. मी रोज वह्या लिहिते. ज्याच्या नावापुढं खूण होते त्याच्याकडून काहीतरी येणं असतं, म्हणून ती होते. त्या वेळी मी काही बोलले नाही. माझ्याच गल्लीतली सगळी माणसं गाडीत होती.

मेढ्याहून वर वाडीत न्यायला वडापची जीप होती, तीही त्यांचीच. आमचं मतदान खालच्या गावातल्या शाळेत, वाडीपासून दोनेक किलोमीटर उतार. सासूबाईंना मी आत्या म्हणते. वय ७६, दोन्ही गुडघे गेलेले. जीप दारात आली तेव्हा त्या लुगड्याचा पदर सारखा करत उंबऱ्यात उभ्याच होत्या. मी हळूच म्हटलं, "आत्या, गाडी कुणाची का असंना, मत तुमच्या मनाचं."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, ज्याच्या गाडीत बसायचं त्यालाच न्हाय म्हणायचं व्हय? खाल्ल्या मिठाला जागाय पायजे."

एवढंच बोलल्या. पण या सेवेवर मला लिहावंसं वाटलं ते या वाक्यापायी. आत्यांनी आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. कुणाचा डबा आला तर तो कधी रिकामा परत गेला नाही, मूठभर तांदूळ तरी त्यात घातले. ही गाडी चालते ती त्यांच्या त्या इमानावर. कुणी त्यांना बटण सांगितलं नाही, धमकावलं नाही, पाकीट दिलं नाही. फक्त दारात जीप उभी केली, आणि बाकीचं काम आत्यांच्या चांगुलपणानं केलं. बाईचा चांगुलपणाच तिच्या मतावर उलटवायचा, हे मला पैसे वाटण्यापेक्षा हलकं वाटत नाही.

वाटेत पलीकडच्या आवाडातले एक म्हातारे काठी टेकत उतरत होते. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. पुढं बसलेल्या पोरानं यादी बघितली आणि "चल" म्हणाला. मागं दोन सीट मोकळ्या होत्या.

शाळेपासून शंभर मीटरवर फक्कीची रेघ होती. रेघेच्या बऱ्याच अलीकडं यांचा मांडव, तिथं पोहे, चहा आणि हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह. आचारसंहितेत स्पष्ट आहे, पक्षानं मतदाराला द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची हवी, तिच्यावर चिन्ह नको, उमेदवाराचं नाव नको, पक्षाचंही नको. मी आत्यांच्या हातातली घेऊन घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि बीएलओनं, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या सरकारी माणसानं, घरी दिलेली त्यांच्या हातात दिली.

मग तोच पोरगा म्हणाला, "काकींना दिसत नाही नीट, मी जातो सोबत." आत केंद्राध्यक्ष बाई होत्या, कुठल्यातरी शाळेच्या शिक्षिका असाव्यात. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "आज आधी कुणाचे सोबती म्हणून आलात का?" पोरगा गप्प. नियम असा आहे की ज्याला दिसत नाही किंवा बटण दाबणं जमत नाही त्यालाच सोबती नेता येतो, आणि एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं, तेही गुप्तता पाळीन असं लिहून देऊन. बाईंनी आत्यांना बोटं दाखवून मोजायला लावली. आत्यांनी बरोबर मोजली. "मग जा आजी, तुमचं तुम्ही." आत्या एकट्या पुठ्ठ्याच्या आड गेल्या. काय केलं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. त्या बाईंचे आभार मानायचे राहिले, ते इथं मानते.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३(५). उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं कुणी मतदारांना केंद्रावर फुकट ने-आण करायला गाडी केली तर तो भ्रष्ट आचार. कलम १३३ प्रमाणे त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आणि दंड. हे मी परत आल्यावर वाचलं. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तिथल्या तिथं फोटो काढून तक्रार करता आली असती. मी केली नाही, आणि ते मला टोचतंय.

पोराचं म्हणणंही सांगते, कारण ते खोटं नाही. "ताई, गाडी नसती तर निम्मी म्हातारी घरात राहिली असती. लोकांनी मतदान करावं असंच सरकार म्हणतं ना?" इंग्लंड-अमेरिकेत पक्षाचे कार्यकर्ते आपल्या गाडीतून मतदार नेतात, ते तिथं चालतं. आपल्या माणसाला फोन करणं, आठवण करणं, दारात जाऊन "चला" म्हणणं, यात मलाही काही गैर वाटत नाही. पक्षानं ते करावंच. पण मग त्या काठीवाल्या बाबांना का नाही उचललं?

आमच्या चुलत आजेसासूबाई ८८ वर्षांच्या. मतदानाच्या आधीच त्यांच्या घरी दोन कर्मचारी, एक पोलीस आणि व्हिडिओवाला वाडीत चढून आले होते. ८५च्या पुढच्यांना १२-ड फॉर्म भरला की घरून मत देता येतं. पुठ्ठा उभा केला, म्हातारीनं खूण केली, पाकीट बंद झालं. चहासुद्धा घेतला नाही म्हणे त्यांनी. याला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो ७६ वर्षांच्या गुडघ्यांसाठी काही नाही म्हणून.

परतीला संध्याकाळी सातला मेढ्यात गाडी लागली. दारात पोरगा, वही आणि मोबाइलचा उजेड. "बोट दाखवा." डाव्या हाताची तर्जनी, शाई, खूण, आत. माझ्या पुढं आमच्या गल्लीतली एक मायलेक होती. पोरगी १९ वर्षांची, पहिलंच मतदान म्हणून नवा ड्रेस घालून आलेली. यादीत तिचं नाव निघालं नव्हतं. बोट कोरं. पोरगा तिच्या आईला म्हणाला, "तुम्ही बसा, हिची परतीची सीट नाही." काल रात्री मात्र तिला मोजूनच आणलं होतं. पोरगी रडायला लागली. मी माझं बोट मुठीत धरलं आणि खाली उतरले. हे माझ्यामागं उतरले, काही न बोलता. ड्रायव्हरनं मान खाली घातली.

सेवेला पाचपैकी एक, आणि तोही वडापावाचा.

आम्ही चौघं साताऱ्याला आलो आणि तिथून एसटीनं वाशीला. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं चौघांचं मिळून अडीच तिकिटात भागलं. कंडक्टरनं कुणाचं बोट बघितलं नाही. पुढच्या रविवारी त्या पोरीचा फॉर्म ६, म्हणजे यादीत नवीन नाव घालायचा, मी बसून भरून घेतला, पत्ता कोपरखैरण्याचा. आमचा दोघांचा पत्ता बदलायचा फॉर्म ८ही भरलाय. कायद्यानं नाव आपण राहतो तिथंच हवं, गावात घर आहे एवढं कारण पुरत नाही. ह्यांना ते जड गेलं, गाव सुटल्यासारखं वाटलं.

आत्यांचं नाव गावातच राहणार. ७५च्या पुढं एसटी फुकट असते, ती सगळ्यांना, यादी बघून नाही. पण वाडीपर्यंत एसटी येत नाही. पुढच्या मतदानाला वडापवाल्याचं भाडं मी आदल्या दिवशीच देणार आहे, आणि त्याला सांगून ठेवणार आहे की वाटेत ते काठीवाले बाबा दिसले तर थांब.