कोकणातल्या नव्या घरात नेट, फोन आणि टीव्ही: पावसाळा, गणपती आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आम्ही जांभ्याचं नवं घर बांधलं. आई-बाबा कायमचे राहायला आले आणि माझं काम ऑनलाइन असल्यामुळे मीही त्यांच्यासोबत इथेच असते. दिवसाचे तीन-चार तास व्हिडिओ कॉलवर जातात. गावाकडे घर बांधणारे बरेच ओळखीचे "नेटचं काय केलंत?" असं विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

निष्कर्ष आधीच सांगते. नेट, फोन आणि टीव्ही तिन्ही एकाच तारेवर घेऊ नका. "सगळं एकत्र, एकच बिल" असे प्लॅन शहरात सोयीचे असतील, पण इथे तार तुटली की घर एका दमात मुकं होतं. आमच्याकडे नेट फायबरवर आहे, टीव्ही डिशवर, आणि फोनला वाय-फाय व मोबाइल टॉवर अशा दोन वाटा आहेत. पावसाळ्यात फायबर दोनदा सलग काही दिवस बंद होतं, तेव्हा बाबांच्या बातम्या चालू राहिल्या आणि बाहेर फोनही लागत होता. शेजारच्या घरी तिन्ही एकत्र घेतलं होतं. त्यांची म्हातारी माणसं ते दिवस आमच्या पडवीत येऊन बसायची.

आधी जागेबद्दल. टॉवर आहे वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, आणि आमचं घर आहे खाली, व्हाळाच्या कडेला, माडा-पोफळीत. सिग्नल डोक्यावरून निघून जातो. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे असतात. त्यात आमचं अख्खं गाव रंगवलेलं आहे, पण उतारामागची वाडी नकाशाला कळत नाही. त्यामुळे नकाशावर विसंबू नका. सगळ्या कंपन्यांची सिम असलेले फोन शेजारपाजारहून मागून आणा आणि खळ्यात, पडवीत, माजघरात उभं राहून कॉल लावून बघा, तोही संध्याकाळी सात-आठला, जेव्हा सगळे घरी असतात. आम्हाला पडवीत एका कंपनीच्या दोन कांड्या मिळाल्या, माजघरात कुणाचंच काही नाही. छपरावर रिसीव्हर बसवून ५जीवरून नेट देण्याची सेवा २०२३ पासून बऱ्याच ठिकाणी सुरू झाली आहे, पण आमच्या सड्यावरच्या टॉवरवर ५जीच नाही, म्हणून तो विचार लगेच सोडला. तुमच्या घरातून टॉवर सरळ दिसत असेल आणि त्यावर ५जी असेल, तर जरूर चौकशी करा. त्यात तार तुटण्याची भानगड नाही.

राहिलं फायबर. आमच्या भागात दोघे देत होते आणि दोघांचे प्लॅन जवळपास सारखे होते. ठरवताना आम्ही स्पीड बघितला नाही. तीन गोष्टी विचारल्या. तार जोडायचं स्प्लायसिंग मशीन कुठे असतं? लाइनमन कुठे राहतो? आणि तुमच्या मुख्य पेटीला, म्हणजे ओएलटीला, बॅटरी किती तास पुरते? एकाचं मशीन तालुक्याच्या गावी होतं. दुसऱ्याचा लाइनमन शेजारच्याच गावातला, मशीन त्याच्या घरी. आम्ही दुसरा घेतला, आणि वर्षभरातला हा सगळ्यात बरोबर ठरलेला निर्णय आहे. तुटलेली तार दुपारी चारला कळवली की बहुतेक वेळा अंधार पडायच्या आत जोडून मिळते.

प्लॅन ५० एमबीपीएसचा. राउटरला केबल लावून मोजलं की ४५ ते ४८ मिळतात. चांगल्या प्रतीच्या एका व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे तिघांच्या घराला हे भरपूर आहे. १०० किंवा २०० च्या प्लॅनसाठी जादा पैसे देण्यापेक्षा तेच पैसे पुढे सांगितलेल्या बॅटरीवर घाला. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४९९ चा प्लॅन प्रत्यक्षात ५८९ ला पडतो, हेही लक्षात असू द्या. आणि अपलोडचा स्पीड वेगळा विचारा. कॉलवर आपला चेहरा आणि आवाज समोरच्याला नीट पोचतो तो अपलोडवर.

आता बिघाडांबद्दल, कारण गावात खरा अनुभव तिथेच येतो. तार आमच्याकडे खांबाखांबावरून आणि मध्ये दोन झाडांवरून आली आहे. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात फणसाची फांदी पडली आणि तार गेली. नंतर वानरांनी लोंबकळून एकदा सैल केली. हायवेकडे खोदकामात मोठी केबल तुटली तेव्हा तर तालुक्याचा निम्मा भाग बंद होता, त्यात लाइनमन तरी काय करणार? यावरून एक शिकायला मिळालं: राउटरवरचे दिवे वाचता आले पाहिजेत. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला तर घर आणि पेटी यांच्यामध्ये तार तुटली किंवा दबली आहे, नाहीतर पेटीच बंद आहे. लाल दिवा नाही, पॉनचा (पेटीशी जोडणी असल्याचा) हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर बिघाड बहुतेक पुढे त्यांच्याकडे आहे. फोनवर एवढं नेमकं सांगितलं की माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि त्याची एक फेरी वाचते.

सगळ्यात फसवा बिघाड श्रावणात आला. नेट बंद नव्हतं. स्पीड टेस्ट ठीक दाखवायची, पण कॉल मध्येच गोठायचे, आवाज तुटायचा, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर. लाइनमनने तारेतून येणारा प्रकाश किती जोराचा आहे ते मोजणारं त्याचं छोटं पॉवर मीटर लावलं तर आकडा उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाचा जोर मोजायचं एकक) आसपास. बसवताना तो उणे १९ होता. असा प्रकाश उणे २७-२८ च्या खाली गेला की घरातलं यंत्र तो नीट वाचू शकत नाही, आणि आम्ही अगदी त्या काठावर होतो. खांबावरच्या डब्यात पाणी शिरून कनेक्टर ओला झाला होता. त्याने कनेक्टर कापून टाकला, जोड मशीनवर थेट वितळवून केला, डबा उलटा करून तोंड खाली ठेवलं. आकडा उणे २० वर आला आणि तेव्हापासून त्रास नाही. नवीन जोडणी घेताना हा आकडा विचारून भिंतीवर लिहून ठेवा. नंतर तक्रार करताना तुमच्या हातात पुरावा असतो.

विजांचं वेगळं सांगायला हवं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण ती टांगायला सोबत जी बारीक स्टीलची तार असते तिच्यातून येऊ शकते. आम्ही ती वळचणीपाशीच सोलून बाहेर बांधायला लावली आणि घरात फक्त फायबर घेतलं. तरी ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात गडगडायला लागलं की राउटरचा प्लग आणि सेट-टॉप बॉक्समागची डिशची केबल, दोन्ही काढतो. त्या दिवसांत वाडीत बऱ्याच जणांची उपकरणं जळली, आमची राहिली.

लाईट जाण्याचा बंदोबस्त फायबरइतकाच महत्त्वाचा. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधूनच यायची, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरवरचा लँडलाइन तसा नाही. राउटर बंद तर फोन बंद. आमच्या राउटरला १२ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो, म्हणून इन्व्हर्टरशिवाय एक छोटा डीसी यूपीएस (राउटरपुरती बॅटरी) त्यालाच जोडला आहे. इन्व्हर्टरवर लाईट जाता-येताना राउटर कधीकधी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि चालू कॉल तुटायचा. या छोट्या यूपीएसवर तो हलतसुद्धा नाही. घेताना आपल्या अ‍ॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. पण आपली बॅटरी कितीही असो, ऑपरेटरची पेटी बंद पडली की उपयोग शून्य, म्हणून तो तिसरा प्रश्न विसरू नका.

घर अजून बांधकामात असेल तर हा परिच्छेद गवंडी आणि वायरमन दोघांना दाखवा. जांभ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय जेमतेम एक खोली ओलांडतं, ५ गिगाहर्ट्झचं (राउटरचं वेगवान पण कमी पल्ल्याचं वाय-फाय) तर तेवढंही नाही. आम्ही गिलाव्याआधी ओटी, माजघर आणि माडीवरच्या खोलीपर्यंत रिकामे पाइप टाकून ठेवले होते. त्यातून कॅट-६ केबल (नेटची तार) ओढली आणि माडीवर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, बसवला. सिग्नल हवेतून पुढे ढकलणाऱ्या स्वस्त रिपीटरपेक्षा हे कितीतरी पटीने बरं चालतं. पाइपाचा खर्च तेव्हा किरकोळ असतो. नंतर तेच करायचं तर भिंत फोडावी लागते.

फोनचं मुख्य काम वाय-फाय कॉलिंगने सोडवलं. फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू केलं की माजघरात टॉवर नसतानाही नेहमीच्याच नंबरवरून फोन येतो-जातो, वेगळे पैसे पडत नाहीत. माझ्या फोनवर बँकेचे ओटीपीही तसेच येतात, आणि ऑनलाइन काम करणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं आहे. मात्र फोन आणि कंपनी दोन्हींनी ते द्यायला हवं, म्हणून नवा हँडसेट घेताना आधी तपासा. माझा नंबर मुंबईचा होता. तो पडवीत सिग्नल मिळतो त्या कंपनीत पोर्ट केला. १९०० वर एसएमएस पाठवून कोड मिळतो, पण मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल (मोबाइल सेवेचे विभाग) आहेत, त्यामुळे तीनऐवजी पाच कामाचे दिवस लागतात. मधल्या काळात महत्त्वाचा व्यवहार ठेवू नका.

बाबांना साधा बटणांचा फोन हवा होता आणि डेटा अजिबात नको. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार हे पॅक आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावं लागतं. बाबांचा फोन पडवीतल्या खुंटीला असतो. लाईट आणि फायबर दोन्ही गेले तरी १०८ ला फोन लावता यावा, यासाठी. सिग्नल वाढवायला बाजारात मिळणारे बूस्टर मात्र लावू नका. परवानगीशिवाय ते बेकायदेशीर आहेत आणि त्यांच्यामुळे शेजाऱ्यांचाही सिग्नल बिघडतो.

गणपतीत या सगळ्याची परीक्षा झाली. चाकरमानी आले की सड्यावरचा टॉवर गच्च भरतो, कांड्या पूर्ण दिसतात आणि फोन लागत नाही. आमच्याकडे पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचं आणि पासवर्डचं वाय-फाय सुरू केलं. पंचवीसेक माणसं, आरतीचे व्हिडिओ कॉल दुबईपर्यंत, आणि ५० चा प्लॅन पुरला.

टीव्हीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण दिशा महत्त्वाची. बाबांसाठी डीडी फ्री डिश घेतली. बॉक्स आणि छत्री एकदाच विकत, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री आणि बातम्या मिळतात. खाजगी मराठी वाहिन्या कुठल्या असतील ते लिलावानुसार बदलतं. तिचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला आहे. आमच्या भागातून छत्रीचं तोंड आग्नेयेला, साधारण साठ अंश वर येतं. म्हणजे आग्नेयेला जवळ उंच माड असेल तर छत्री अंगणात न लावता छपराच्या मोकळ्या बाजूला घ्यावी लागते. आईच्या मालिकांसाठी माडीवरच्या टीव्हीला एक पैसे भरायची डीटीएच आहे. त्यात पुड्यातलं पॅक न घेता तिला हव्या त्या वाहिन्या एकेक निवडल्या. २०१९ पासून तशी निवड करता येते आणि बिल बरंच खाली येतं. मुसळधार पावसात दोन्ही डिश जातात. कंपनी बदलून उपयोग नाही, डिशचे सिग्नल पावसाच्या थेंबांतच विरतात. सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत चित्र परत येतं.

पुढच्या मृगाआधी दोन कामं करून घेणार आहे. फणसावरून आलेली तार काढून खळ्याच्या कडेला स्वतःचा लोखंडी खांब रोवायचा, आणि पडवीच्या छपरावर सड्याकडे तोंड करून अँटेना असलेला ४जी राउटर बसवायचा, म्हणजे फायबर गेलं तरी निदान कामाचे कॉल थांबणार नाहीत.