स्टारड्यू व्हॅली: रानातलं वेचावं की शेतात पेरावं?

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेमचा नवा डाव मांडला, की हाती ५०० नाणी असतात आणि मन आधी शेताकडे धावतं. पण शेती भांडवल मागते. फ्लॉवरचं बी ८० ला, पीक बारा दिवसांनी, भाव १७५. पार्सनिप चार दिवसांत येतं, पण २० चे ३५च होतात. वर रोजचं पाणी!

रानातलं सगळं फुकट. लीक ६० ला जातो, रानटी हॉर्सरॅडिश ५० ला, डँडेलायन ४० ला, डॅफोडिल ३० ला. मोहफुलांसारखं पहाटेच गाठायचीही गरज नाही. चौघांतलं एकेक मात्र कम्युनिटी सेंटरसाठी (वस्तू देऊन दुरुस्त करायचं गावातलं मोडकं सभागृह) राखा. उरलेला लीक खाणीत उतरताना खायला बरा.

माझ्या मते खेळातल्या वसंत ऋतूच्या १३ तारखेच्या अंडी-उत्सवापर्यंत वेचतच राहावं आणि सगळा पैसा तिथे मिळणाऱ्या स्ट्रॉबेरीच्या बियांत घालावा. बी १०० ला, फळ १२० ला. त्याच रात्री लावली तर हंगामात दोन तोडे मिळतात.

पुढे शेतीच जास्त कमावते, यात वाद नाही. तरी वेचण्याच्या दहाव्या पातळीवर बॉटनिस्ट हा पेशा निवडलात, तर रानातली प्रत्येक वस्तू इरिडियम, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाची मिळते. पाळलेल्या डुकरांनी उकरलेले ट्रफलही (जमिनीखालची महागडी अळंबी) त्यातच मोजतात: ६२५ चे थेट १२५०.