११ महिने घेतलेली सिक्युरिटी सर्व्हिस, ५ पैकी २ स्टार

आमची सोसायटी ठाण्यात, तीन विंग, दोन गेट. मी सेक्रेटरी आहे. एजन्सीचं नाव इथे लिहीत नाही कारण हिशोब अजून मिटायचाय, पण बाकी सगळं लिहितोय कारण आत्ता बऱ्याच सोसायट्यांचे करार रिन्यू व्हायला आलेत.

आधी चांगलं काय ते. माणसं वेळेवर यायची, कोणी सुट्टीवर गेलं तर रिलीव्हर पाठवायचे, व्हिजिटर रजिस्टर नीट भरलेलं असायचं, सुपरवायझर फोन उचलायचा. कोटेशन सगळ्यात कमी होतं आणि खरं सांगायचं तर एजीएमने (सोसायटीच्या वार्षिक सभेने) तेवढंच बघून सही केली. त्यात मीही होतो.

मग ऑगस्टमधली ती रात्र. दोनच्या सुमारास बी विंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला. नाईटला जे काका होते, बुलढाण्याकडचे, पन्नाशीचे, ते सगळ्यात आधी धावले आणि धावले ते पाण्याची बादली घेऊन. जिवंत वायरिंगवर पाणी. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा जिन्यातूनच ओरडला, काका थांबा, आणि त्यांच्या हातातून बादली ओढून घेतली म्हणून वाचले. आग विझवायचा लाल सिलिंडर भिंतीवर, काकांपासून चार पावलांवर. त्याची पिन ओढायची असते हे त्यांना कोणी कधी दाखवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काका, तुमचं ट्रेनिंग झालंय का? म्हणाले, "ट्रेनिंग म्हणजे? ड्रेस दिला, गेट दाखवलं, उभं रहा म्हणाले." ड्रेसचे पैसे पण पहिल्या पगारातून कापलेले.

त्यानंतर मी कायदा वाचायला बसलो. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे, लाईनमधले सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पसारा' म्हणतात. लायसन्सशिवाय हा धंदा करता येत नाही, केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. लायसन्स ५ वर्षांचं असतं आणि रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी टाकायचा असतो. केंद्राच्या मॉडेल नियमांत गार्डचं ट्रेनिंग १०० तास वर्गात आणि ६० तास फील्डवर, किमान २० दिवसांत, आणि त्यात आग विझवणं, फर्स्ट एड, ओळखपत्र तपासणं हे सगळं येतं. माजी सैनिक आणि पोलिसांना कमी तास. दरवर्षी मेडिकल, त्यात नजर पण बघायची. आमच्या काकांना रात्री गाडीचा नंबर वाचता येत नव्हता, ते जवळ जाऊन वाकून बघायचे आणि गाडीवाले हॉर्न मारून त्यांच्यावरच चिडायचे, तेव्हा मला वाटायचं वय झालंय. चष्म्याचा नंबर काढून द्यायला कोणी नेलंच नव्हतं त्यांना!

मी एजन्सीकडे लायसन्सची कॉपी मागितली. आठ दिवस टोलवाटोलवी, मग व्हॉट्सॅपवर अंधुक झेरॉक्स आली. झूम करून तारीख बघितली तर मुदत संपून १४ महिने झालेले. म्हणजे आम्ही करार केला तेव्हाच ते लायसन्स संपलेलं होतं आणि आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. काकांचं आयकार्ड बघितलं तर लॅमिनेशन उसवलेलं, नाव पेनाने लिहिलेलं, खाली एजन्सीचा मोबाईल नंबर, बस. फोटोसकट आयकार्ड देणं कायद्यानेच एजन्सीवर बंधनकारक आहे. पीएफ दर महिन्याला कापला जात होता पण यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) विचारला तर काकांना हा शब्दच माहीत नाही.

महाराष्ट्रात तर याच्याही आधीपासून १९८१ चा कायदा आहे सुरक्षा रक्षकांसाठी, हमालांसाठीच्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर केलेला, त्यातूनच बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्याचं सुरक्षा रक्षक मंडळ आलं. शेजारच्या सोसायटीत मंडळाचेच गार्ड आहेत. महाग पडतात, कारण पगारावर मंडळाला लेव्ही (वरची ठराविक टक्के रक्कम) भरावी लागते, पण त्या लेव्हीतूनच पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा हे सगळं माणसाला मिळतं. आमचं कोटेशन कमी का होतं ते मला तिथे कळलं. काकांच्या खिशातून जात होतं ते.

त्यामुळे करार करायच्या आधी लायसन्सची ओरिजिनल बघा, त्यावरची तारीख आणि जिल्हा दोन्ही बघा (एका जिल्ह्यापुरतं पण मिळतं, पूर्ण राज्याचं पण), प्रत्येक गार्डचं ट्रेनिंग सर्टिफिकेट आणि पोलीस व्हेरिफिकेशन फाईलला लावून घ्या, आणि पीएफचं चलन दर महिन्याच्या बिलासोबत मागा. आणि गेटवरच्या माणसाशी पाच मिनिटं बोला, तो बारा तास उभा राहून परत डबल ड्युटी करतोय का ते त्यालाच विचारा.

दोन स्टार देतोय ते फक्त गार्ड लोकांसाठी, एजन्सीसाठी नाही. करार संपवायची नोटीस दिलीये. नवीन एजन्सीला आम्ही अट घातलीये की काकांना घ्यायचं, आधी पूर्ण ट्रेनिंग आणि डोळे तपासून. जुन्या एजन्सीच्या शेवटच्या बिलातला पगाराचा भाग देऊन टाकलाय, सर्व्हिस चार्ज मात्र काकांच्या ११ महिन्यांच्या पीएफचा हिशोब हातात येईपर्यंत थांबवून ठेवलाय.