बोट पाण्यात न उतरवताच पैसे दिले

मागच्या आठवड्यात भाच्यानं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. पांढरी बोट, कडेला निळा पट्टा, वर काळा टॉवर, म्हणजे ओढायचा दोर बांधायची उंच चौकट. खाली लिहिलेलं : फॅमिली वॉटर स्पोर्ट्स बोट, सिंगल ओनर, वापर फार कमी. बोट ओळखीची नव्हती, पण ती ज्या ट्रेलरवर उभी होती तो ट्रेलर मी लगेच ओळखला. त्याचं डावं मडगार्ड चेंबलेलं आहे. त्याच मडगार्डवर हात ठेवून मी एका जुन्या बोटीचा सौदा केला होता आणि त्यात फसलो होतो. सौदा ट्रेलरसकट होता, आणि आमच्या गावात आला तो दुसराच, चाकं गंजलेला ट्रेलर. म्हणजे मला बोट विकणारा तो माणूस अजून तेच करतोय. म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आम्ही मोर्शी तालुक्यातले. संत्र्याची बाग आहे, आणि गावापासून अप्पर वर्धा धरण, म्हणजे नल-दमयंती सागर, जवळच. वडिलांची थोडी जमीन या धरणात गेली, त्यामुळे त्या पाण्याशी घरातल्या प्रत्येकाचं नातं आहे. माझी मुलगी अमरावतीला पोहण्याच्या स्पर्धांना जायची. तारकर्लीला गेलो तेव्हा तिनं आणि भाच्यानं बोटीमागच्या फुग्यावर बसून पाहिलं, मग व्हिडिओ बघून वेकबोर्डिंगचा ध्यास घेतला. बोटीनं ओढलेला दोर धरून एका फळीवर उभं राहायचं आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून इकडून तिकडे जायचं, असा तो खेळ. मी, धाकटा भाऊ आणि ताई, तीन घरांनी मिळून एक बोट घ्यायची असं ठरलं. त्या वर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराला भाव बरा मिळाला होता.

घरात सगळ्यांनाच हे पटलं नव्हतं. सप्टेंबर 2021 मध्ये शेजारच्या वरुड तालुक्यात, झुंजजवळ, वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातली 11 माणसं गेली. आमच्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. आई म्हणाली, "बोट घेतच असान तर पाह्यजा रे बाप्पा, लेकरं बसवाची हायेत तिच्यात." म्हणूनच लहान डोंग्याला मोटर लावायची नाही, चांगली बांधलेली, कंपनीची बोट घ्यायची, असं मी ठरवलं. नव्या बोटीचा भाव ऐकून मात्र जुनी शोधायला लागलो. तेव्हा अशा बोटींवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झालाय. आता तर आणखी लोक जुन्या बोटींकडे वळतील, याची मला काळजी वाटते.

मुंबईजवळच्या एका गोडाऊनमध्ये बोट पाहिली, जानेवारी 2025 मध्ये. अठरा फुटी, मागे 115 हॉर्सपॉवरचं इंजिन. विक्रेता म्हणाला 2016 चं मॉडेल, अमेरिकेतून आलेलं. मीटरवर 140 तास. इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये सोडलेला होता. त्यानं चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज गुळगुळीत. भावानं व्हिडिओ काढला. मी इंजिनाच्या कव्हरवर हात ठेवला तर ते कोमट होतं. आम्ही यायच्या आधीच ते चालवून ठेवलं होतं. थंड इंजिन कसं सुरू होतं, किती धूर सोडतं, हे आम्हाला दिसू नये म्हणून. तो कोमटपणा माझ्या हाताला लागला होता आणि मी काही विचारलं नाही. बायको मागच्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "अहो, रंगाचा वास येऊन राह्यला, ताजा हाये." विक्रेता हसून म्हणाला, "वहिनी, पॉलिश केलंय तुमच्यासाठी."

शेंदुरजना घाटला कलमं घ्यायला गेलो की आम्ही प्रत्येक कलम हातात घेतो. जंबेरीच्या खुंटावर बांधलंय की रंगपूर लिंबाच्या, डोळा जमिनीपासून किती वर आहे, मुळाला गाठ आहे का, सगळं बघतो, कारण कलमाची खोट झाड फळावर आल्याशिवाय दिसत नाही. बोटीचंही तसंच असतं, खोट आत असते. तरी तिथे मी वरचा चकचकीत रंग बघत राहिलो.

पाण्यात चालवून दाखवा म्हटलं, तर उत्तर तयार होतं. "साहेब, आज ओहोटी आहे. क्रेन लावावी लागेल, तिचे पंधरा हजार वेगळे. त्यापेक्षा मी माझा माणूस तुमच्या धरणावर पाठवतो, तिथेच ट्रायल घ्या." लगेच पुढे, "संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन घेऊन येतेय." आम्ही 2 लाख इसार दिला. बोट निघायच्या आधी उरलेले 9 लाख 75 हजार मागितले, त्यातले 4 लाख रोख. दिले. त्याचा माणूस धरणावर आलाच नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बोट पाण्यात उतरवली. इथे एक चूक आमची स्वतःची, ती सांगितलीच पाहिजे. विक्रेता म्हणाला होता की घरगुती बोटीला काही परवानगी लागत नाही, आणि आम्ही ते ऐकून घेतलं. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, त्यातून अमरावती शहर पाणी पितं. लेखी परवानगीशिवाय मोटरबोट उतरवायला नको होती. शिवाय इंजिनाच्या बोटीची नोंदणी आणि तपासणी 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं लागते. 1917 चा जुना कायदा काढून तो आणलाय, आणि आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, विमा, हे तीन कागद विकणाऱ्याकडून आधी मागितले असते तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण त्याच्याकडे त्यातला एकही नव्हता.

बोटीत पाच जण बसलो. अशी बोट वेग घेताना आधी नाक वर करते, मग नाक खाली येतं आणि ती पाण्यावरून घसरत निघते. आमची बोट नाक वर करून तशीच राहिली. इंजिन ओरडतंय, मागे पाणी उसळतंय, आणि वेग सायकलीएवढा. मोठ्या माणसाला वेकबोर्डवर उभं राहायला ताशी 30 ते 35 किलोमीटरचा वेग लागतो. लेकरांना त्याहून कमी पुरतो. आम्हाला तोही मिळाला नाही. दोघं उतरलो, पुन्हा प्रयत्न केला. आता मुलगी पाण्यात होती, दोर टॉवरला बांधलेला. दोर ताणला तसा टॉवरचा डावा पाय आतल्या बाजूला झुकला. मी तो डोळ्यांनी पाहिला. फायबर चुलीवरच्या पापडासारखं वर उचललं गेलं आणि बोल्टाभोवती बारीक भेग गेली. मी भावाला ओरडून इंजिन बंद करायला लावलं. त्याच वेळी गरम झाल्याची शिट्टी वाजायला लागली. काठ दोनशे मीटरवर होता, मुलीच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, आणि दोघा भोई भावांनी त्यांच्या डोंग्यानं आम्हाला ओढून आणलं. टॉवर निघाला असता तर तो थेट मागच्या सीटवर, भाच्याच्या डोक्यावर आला असता.

नागपूरहून एका मेकॅनिकला बोलावलं. पुराच्या बचाव बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, त्यांच्या भाषेत ओबीएमवाला, म्हणजे बोटीमागे लटकणाऱ्या आउटबोर्ड मोटरचा. त्यानं आधी इंजिनाला हातच लावला नाही. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं तो ट्रान्सम, ठोकत गेला. कडेला टण टण. मध्ये, इंजिनाच्या बोल्टांभोवती, भद भद. आम्हा सगळ्यांना फरक ऐकू आला. मग त्यानं इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर वजन टाकलं, तर ती भिंत हलली. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. बोल्टाच्या भोकांतून पाणी आत गेलं की ते कुजतं, आणि बाहेरून नवा रंग दिला की काही दिसत नाही. त्यानं एक बोल्ट काढला तर भोकातून काळं पाणी आणि भिजलेल्या भुशासारखा लगदा बाहेर आला. बायकोला आलेला रंगाचा वास याच जागेचा होता.

गिअरचं तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं. सीलमधून पाणी आत गेलेलं. चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं, तीन 175 ते 180, चौथं 110. तो म्हणाला, एकमेकांत दहा टक्क्यांच्या वर फरक दिसला की इंजिनाच्या वाटेला जायचं नाही. टॉवरच्या बोल्टांखाली पत्र्याच्या चार बारीक चकत्या होत्या, जोर पसरवायला पाठीमागे जाड पट्टी लागते ती नव्हतीच. टॉवर मूळ बोटीचा नव्हताच, कुणीतरी मागाहून बसवलेला.

आणि शेवटी नंबर. अमेरिकेत बनलेल्या बोटीच्या मागच्या भिंतीवर, उजव्या हाताला, बारा अक्षर-अंकांचा नंबर कोरलेला असतो. त्यातले शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. आमच्या बोटीवर तिथे एक पट्टी चिकटवली होती, शेवटी 16. पण 1984 नंतरच्या बोटींवर हाच नंबर दुसऱ्या एका झाकलेल्या जागीही असतो, हे त्या मेकॅनिकला माहीत होतं. त्यानं मागची सीट आणि तिच्याखालची फळी काढली, टॉर्च धरला, आणि मला वाकून बघायला सांगितलं. धुळीखाली तोच नंबर होता, फक्त शेवटी 06. बोट दहा वर्षांनी जुनी. 140 तासांचं मीटरही नवं बसवलेलं असणार, कारण सीटांच्या कडा आणि स्टिअरिंगचं रबर दुसरंच काही सांगत होते.

तेव्हा मी बिल पहिल्यांदा नीट वाचलं. त्यावर बोट हा शब्दच नाही. "जुने यंत्र व फायबर साहित्य, आहे त्या स्थितीत" असं लिहिलंय. जीएसटी नंबर नाही, इंजिनाचा नंबर नाही, बोटीचा नाही, आणि रक्कम फक्त बँकेतून गेली तेवढी. आयात झाल्याचा सीमाशुल्काचा कागद मागितला तर "मागच्या मालकाकडे आहे." त्यानंतर फोन उचलणं बंद.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा, हा दिवाणी मामला आहे असं ऐकावं लागलं. मी फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही नंबर घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा अर्ज घेतला. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे, 1 जुलै 2024 च्या आधी ते भारतीय दंड संहितेत 420 होतं. अर्जात खोट्या नंबराचा उल्लेख पहिल्याच ओळीत करा. जुना माल खराब निघाला असं लिहिलं की तो व्यवहाराचा वाद ठरतो, नंबर बदलला असं लिहिलं की गोष्ट वेगळी होते. ग्राहक आयोगाचं मला आधी वाटत होतं की मुंबईला जावं लागेल. तसं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. मी अमरावतीला केली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला तर सुरुवातीची माहिती मराठीत मिळते. पण एक ध्यानात ठेवा, समोरचा धंदा म्हणून विकणारा असला पाहिजे, आणि आपण बोट घरच्या वापराला घेतलेली असली पाहिजे. भाड्यानं फिरवायला घेतली असं कुठे लिहून बसाल तर तक्रार लंगडी पडते. रोख दिलेल्या 4 लाखांचा माझ्याकडे कागद नाही, ते मी जवळपास सोडून दिलेत.

ज्यांना खरंच घ्यायची आहे त्यांच्यासाठी त्या मेकॅनिककडून कळलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. बोटीच्या मागे इंजिन लटकलेलं असेल तर बोट पुढे ढकलणारा पंखा (प्रोपेलर) मागच्या भिंतीच्याही मागे, पोहणाऱ्याच्या बाजूला असतो. दोर लांब ठेवून फुगा ओढायला, वेकबोर्डला ती चालते. पण दोर सोडून अगदी बोटीजवळच्या लाटेवर उभं राहायचा जो वेकसर्फिंगचा खेळ आहे, तो अशा बोटीमागे करायचाच नाही. त्याला इंजिन आत आणि पंखा बोटीच्या पोटाखाली असलेली बोट लागते. आमच्या विक्रेत्यानं सगळे खेळ होतात म्हणून सांगितलं होतं, आणि भाचा तेच शिकायला निघाला होता.

आमच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात खूप उतरतं, बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. त्यामुळे पोटाखाली पंखा असलेली बोट इथे चालेल की नाही, हे आधी एखाद्या भोई माणसाला सोबत घेऊन, पाणी उतरल्यावर काठानं फिरून बघायला हवं. ते आम्ही आता मे महिन्यात केलं, बोट आल्यानंतर.

बोट सध्या बागेतल्या टिनाच्या शेडमध्ये आहे. वकिलांनी तिला हात लावू नका म्हटलंय, पुरावा आहे म्हणून. टॉवरचे चार बोल्ट आणि चकत्या मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवल्यात. भाच्यानं दाखवलेली ती नवी जाहिरात, मडगार्डासकट, परवा अर्जाला जोडली.