पट्टे की शिंपले? समुद्राचा ट्रेंड आपल्या पद्धतीने घालताना

उन्हाळी कपडे बाजारात आले की त्यात समुद्र असतोच. एकीकडे खलाशांचे निळे-पांढरे पट्टे, दुसरीकडे जलपरीची झळाळी: टिकल्या, मोती, शिंपल्यांचे दागिने. दोन्हींवर पैसे घालायचे नसतील आणि चारचौघांसारखंही दिसायचं नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. कपडा पट्ट्यांचा घ्या, शिंपला बटणापुरता ठेवा.

पट्ट्यांना मोठा इतिहास आहे. फ्रेंच नौदलाने १८५८ साली हा विणलेला शर्ट खलाशांच्या गणवेशात आणला आणि मापंही ठरवून दिली: पांढरा पट्टा २० मिलिमीटर, निळा १०. पांढरा निळ्याच्या दुप्पट, म्हणूनच हा शर्ट इतका मोकळा आणि उजळ दिसतो. दोन्ही पट्टे सारख्या रुंदीचे केले की ही मजा जाते. खरेदी करताना बगलेखालची शिवण बघा. पुढचे आणि मागचे पट्टे तिथे एका रेषेत जुळत असतील, तर कापड मन लावून कापलंय असं समजा.

आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, या भीतीने अनेकजण ते टाळतात. पण आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो, हे हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं. तेव्हा केवळ त्या धास्तीने हा शर्ट सोडू नका.

खरी अडचण वेगळीच आहे, हा शर्ट सगळ्यांकडे असतो. त्यात पांढरी पँट, नांगराचा ब्रोच आणि दोरीचा कंबरपट्टा एकदम आले, की पोशाखाऐवजी वेशभूषा दिसते. मला आवडतं ते याच्या नेमकं उलट: पट्ट्यांना समुद्रापासून लांब न्यायचं. मातकट तपकिरी कॉर्डुरॉयची पँट, गडद हिरवं जॅकेट किंवा फुलाफुलांचा स्कर्ट, फक्त त्या फुलांत कुठेतरी तोच निळा हवा. किंवा साध्या शर्टाच्या आत पट्टे घालायचे आणि कॉलरपाशी, मनगटापाशी बोटभरच दिसू द्यायचे.

जलपरीच्या झळाळीची लाट २०२३ च्या उन्हाळ्यात जोरात होती. तिची गंमत संध्याकाळच्या दिव्यांत. खवल्यांसारख्या टिकल्यांचा कपडा एका समारंभात उठून दिसतो, पण लोकांच्या लक्षातही राहतो, त्यामुळे लगेच पुन्हा घालायला मन धजत नाही. टिकल्या सहसा प्लास्टिकच्या असतात. त्या खाजवतात, दोऱ्यात अडकतात, आणि धुताना फार जपावं लागतं. वर्षातून एकदाच घालायचा असेल, तर विकत घेण्यापेक्षा कुणाकडून मागून आणलेला बरा.

शिंपल्याची चमक मात्र मला मनापासून मोहवते. तिच्यात रंग भरलेला नसतो. अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परततो आणि त्यातून ते गुलाबी-हिरवे रंग उमटतात, म्हणून बटण जरा तिरकं झालं तरी रंग बदलतो. कपाटातल्या एखाद्या जुन्या गडद शर्टाची प्लास्टिकची बटणं काढा आणि खरी शिंपल्याची लावून बघा. गालाला लावल्यावर गार लागतं ते खरं, प्लास्टिक तितकं गार लागत नाही. अख्खा शर्ट बदलल्यासारखा वाटतो, आणि हे वेगळेपण फक्त जवळ येणाऱ्यालाच कळतं.

रोज बाहेर पडणाऱ्याला, कमी कपड्यांत भागवणाऱ्याला पट्टेच बरे. महिन्याभरात एखादा मोठा समारंभ असेल आणि अंगावर झळाळी हवीच असेल, तर टिकल्यांपेक्षा मोत्यांची एकच माळ घ्या, तीही साध्या सुती शर्टावर. मोती आणि शिंपला दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, आम्लाने खराब होतात. म्हणून अत्तर आधी लावा, ते वाळू द्या, माळ शेवटी घाला. घरी आल्यावर ती सर्वांत आधी काढून मऊ कापडाने पुसून ठेवा.